त्रेमोख म्हणजे डुकरवाडी नव्हे

७ फेब्रुवारी
परत तेच! अख्खं गाव म्हणतं, वेल्श भाषेत 'त्रे' म्हणजे वाडी, 'मोख' म्हणजे डुकरं, झालं त्रेमोख. वर दात काढतात. अरे, इतका सोपा अर्थ असतो का कधी? आजोबा सांगायचे, मोखन नावाचा वेल्श राजा होता आणि आपण प्रोबर्ट आडनावाचे सगळे त्याच्या वंशातले. पुरावा? आजोबा उगाच बोलायचे नाहीत. फार बोलायचे, ते वेगळं.

यंदा गावच्या मेळ्यात निबंधस्पर्धा आहे : 'आपल्या गावाचं नाव'. जिंकेल त्याचा अर्थ, सांगणाऱ्याच्या नावासकट, वेशीवरच्या दगडावर कोरणार. आईला फोनवर सांगून टाकलं, दगडावर आजोबांचं नाव बघशील. म्हणाली, बाळा, आधी लिही तरी.

११ फेब्रुवारी
लिहिणारच होतो. पण इथे स्कॉटलंडात दिवसभर मासे साफ केल्यावर बोटं वळत नाहीत. मर्डो फोरमन म्हणतो, तोंड बरं वळतं रे तुझं, डुकरवाडीकर! त्याला सांगायलाच नको होतं. अडाणी मेला.

१६ फेब्रुवारी, पहाटे ५
दीड पान झालं. पुरे. खऱ्याला पाल्हाळ लागत नाही. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून टोपणनावाने पाठवायचा नियम आहे. माझं टोपणनाव : 'मोखनवंशी प्रोबर्ट'. कोणाच्या बापाला पत्ता लागणार नाही.

२४ फेब्रुवारी
टोपणनाव पुकारलं की जिंकणाऱ्याने सभागृहात उभं राहायचं असतं. सुट्टी मिळत नाही. आई म्हणाली, मी राहीन उभी. म्हटलं, बिनधास्त राहा. दुसऱ्या कोणी निबंधच दिलेला नाही. घाबरले सगळे.

२ मार्च
निकाल : 'कोणीही लायक नाही.' एकच निबंध, आणि तोही पहिला नाही! परीक्षक मेरेरिडबाई. शाळेपासूनच खार खातात. म्हणाल्या म्हणे, लेखकाने आजोबांखेरीज कोणालाच काही विचारलेलं दिसत नाही. असो. मला कोणी हरवलं का? नाही.

३ मार्च
आईचा फोन. टोपणनाव वाचलं तशी ती उभी राहिली. निकाल अजून पुढे होता. विचारलं, मग लगेच बसलीस ना? म्हणाली, नाही रे, बाईंचं बोलणं संपेपर्यंत उभीच होते. मध्येच बसणं बरं दिसत नाही.

दगडावर डुकरंच येणार. देणगीदारांची नावं मागच्या बाजूला. आजोबांच्या पूर्ण नावाला पन्नास पौंड, नुसत्या आडनावाला तीस.

तीस पाठवतोय.