चौदाव्या पानाची दुरुस्ती

हॅमिल्टन, न्यूझीलंड,
८ एप्रिल २००७

चि. विनितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट येऊन बारा दिवस झाले. पोचल्याचं मकरंदने ईमेलने कळवलं असेलच. आम्ही सगळे ठीक. थंडी अजून लांब आहे, पण तुझ्या आईचा गुडघा आत्तापासूनच कुरकुरतोय. शेजारच्या बाई रोज दारात फिजोआची पिशवी ठेवून जातात. पेरूचा लांबचा भाऊ म्हणावं असं हे फळ. आईने त्याचं लोणचं घातलं. कोणी विचारलं तर छान झालंय म्हणायचं, असं घरात ठरलं आहे. मकरंदची दूध पावडरच्या कारखान्यात धावपळ, तुझ्या राजश्रीवहिनीची हॉस्पिटलात. दोघं दोन गाड्यांनी निघून जातात आणि आम्ही दोघं नदीकाठी चक्कर मारून येतो.

आता पाकिटाबद्दल. ‘माझ्या पुढच्या चित्रकथेच्या पुस्तकात तुम्ही आहात बाबा, बावीस पानं. तुम्ही नको म्हणालात तर एकही छापणार नाही,’ असं लिहिलंस. प्रकाशक तूच, त्यामुळे थांबवणारीही तूच. तिकडे अमेरिकेत तुला अडवणारं कोणी नाही आणि तू परवानगी मागतेस माझ्याकडे! सगळी पानं भिंगातून पाहिली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं धरणांचे नकाशे काढलेला आरेखक मी. समोर कागद आला की आधी चुकाच दिसतात, तेव्हा राग मानू नकोस.

पान तीन : ड्रॉइंग बोर्ड इतका उभा नसतो. त्यावरचं सगळं सामान घसरेल.

पान नऊ : टी-स्क्वेअर पट्टीचं डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला टेकतं. तू उजवीकडे काढलंस. एवढी वर्षं शेजारी बसून काय पाहिलंस?

पान सतरा : नाशिकच्या क्वार्टरच्या त्या खोलीला खिडक्या दोन होत्या, तीन नव्हे. आणि माझं नाक एवढं मोठं नाही. सिद्धीला दाखवलं, तर दहा वर्षांची ती कार्टी खिदळत म्हणते, “आजोबा, दॅट्स टोटली यू! यू लुक हीप्स ग्रम्पी!”

हिच्यामुळेच आणखी एक गोष्ट घडली. मागच्या महिन्यात मला लायब्ररीत घेऊन गेली आणि शेल्फपाशी ओरडली, “विनूआत्याज बुक!” तुझं दुसरं पुस्तक, इथे, हॅमिल्टनमध्ये! मी चित्रांआधी अक्षरं पाहिली. पेन्सिलीने दोन रेघा आखून मधे शाईने बसवलेली, एकाच उंचीची. तुला सातवीत असताना शिकवली होती तीच. नाव झाकलं असतं तरी हे हात आपल्या घरातले म्हणून ओळखले असते.

काउंटरवरच्या बाईंनी “किया ओरा” असा इथला नमस्कार केला आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, “माय डॉटर. शी ड्रॉ धिस. शी प्रिंट इट ऑल्सो, हरसेल्फ.” “गुड ऑन हर!” म्हणाल्या. घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती.

विनू, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. नाशिकला सगळ्यांना तू कॉम्प्युटरमध्ये आहेस असंच सांगत आलो. बाळकाका अजून विचारतो, कुठली कंपनी? मी म्हणतो, बदलत असतात.

इंजिनिअरची नोकरी सोडून तू झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलीस. दुकान बंद झालं की आपली पानं काढायची, हाताने दुमडायची, स्टेपल मारायची आणि शनिवार-रविवारी कुठल्याशा जत्रेत टेबल मांडून विकायची. अशी नऊ वर्षं. मधे एका मोठ्या कंपनीने बोलावलं, तर पात्रांवरचा हक्क त्यांना द्यावा लागेल म्हणून नकार देऊन आलीस. तेव्हा मी तुला चार ओळींचं पत्र लिहिलं, त्यातल्या दोन ओळी ‘मूर्खपणा’ या शब्दाभोवती होत्या. पुढे दोन वर्षं लिहिलंच नाही.

नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात : काढले, तपासले, मंजूर. तिसरीत साहेबांची ऐसपैस सही. पहिलीत माझी मुंगीएवढी आद्याक्षरं. ती धरणं कोणी काढली हे विचारायला कोणी कोपऱ्यात वाकत नाही. तुझ्या पुस्तकात मात्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्टेपलपर्यंत तूच आहेस. मला तुझा फार अभिमान वाटतो. नऊ वर्षांपूर्वी वाटायला हवा होता.

पान चौदाबद्दल लिहायचं राहिलं. उद्या लिहितो.

१० एप्रिल

उद्याचा परवा झाला.

पान चौदावर तू कराडहून हॉस्टेलच्या पहिल्या सुट्टीला घरी येतेस. तुझ्या चित्रांच्या अकरा वह्यांना वाळवी लागलेली. बाबा कपाटापुढे डोक्याला हात लावून बसलेले, डोळ्यांत पाणी. फार सुंदर काढलंय. इतकं चांगलं कोणी मला कधी काढलं नव्हतं.

वाळवी नव्हती, विनू. तू गेल्याच्या आठवड्यात मीच त्या वह्या रद्दीत घातल्या. समोर नसल्या की हे वेड जाईल आणि तू अभ्यासाला लागशील, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रेघ काही सरळ येईना. हाफ डे टाकून बाळासाहेब रद्दीवाल्याकडे गेलो. त्याच्या बायकोने सगळ्याच्या पिशव्या केल्या होत्या आणि वाण्याकडे पोचवल्याही होत्या. एक उरली होती. ती मागून घेतली, घरी येऊन उलगडली आणि कंपासपेटीत तळाशी ठेवली. ती पेटी माझ्याबरोबर इथवर आली आहे.

तो कागद सोबत पाठवतोय. कडेला पिशवी चिकटवलेल्या खळीचा पिवळा डाग आहे. बोर्डावर वाकलेला मी आहे आणि माझा टी-स्क्वेअर डाव्या बाजूला आहे. तेव्हा तुला बरोबर येत होतं.

आईला काल दुपारी सांगितलं. “त्या वाळवीपायी मी कपाट दोन वर्षं रॉकेलने पुसलं!” एवढंच म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. लोणचं मात्र आठवणीने वाढते.

परवानगी विचारलीस. सगळं छाप. फक्त चौदावं पान पुन्हा काढ. कपाटापुढे बसलेला तो बाप पुसून टाक आणि वह्यांचा गठ्ठा काखेत मारून, कोणी पाहत नाही ना हे बघत रद्दीवाल्याकडे निघालेला काढ. नाक हवं तेवढं मोठं कर. पान खोटं राहिलं तर बाकीच्या एकवीस पानांना माझ्यामुळे डाग लागेल, आणि तुझ्या कामात मला तो नको आहे.

नियमाप्रमाणे खाली तीन चौकटी आखल्या आहेत. तिसरीत सही करण्याचा अधिकार माझा नाही. वाचून झाल्यावर करावीशी वाटली तर तू कर.

काढले : विनिता जनार्दन बेलसरे
तपासले : बाबा
मंजूर :