ऋताच्या व्हिडिओखाली

सेरंगून, सिंगापूर, जुलै २०१७

प्रिय राजस,

फोनवरचे माझे निरोप तू वाचतोस, पण उत्तर देत नाहीस, म्हणून आज कागद घेतला. सातवीपर्यंत पुण्यात शिकलास, तेव्हा आईचं अक्षर लागेल तुला. अडलास तर मोठ्यानं वाच.

बाबा तसे बरे आहेत. तांजोंग पगारला ऑफिसात जातात, येतात, पुढ्यात वाढलेलं जेवतात. ऋताच्या खोलीत अजून पाऊल टाकलेलं नाही त्यांनी. मी जाते, केर काढते, खिडकी उघडते. परवा खालच्या हॉकर सेंटरमधली ज्यूसवाली आंटी विचारत होती, "युअर गर्ल लाँग टाइम नेव्हर कम, आह?" मी म्हटलं, "बिझी." असं का म्हटलं, कोण जाणे. मग तिच्यासमोर उभंच राहवेना, पैसे देऊन ज्यूस तसाच ठेवून वर आले.

तुला वाटत असेल, आईचा तुमच्या चर्चवर राग आहे. नाही रे. तुम्ही दोघं तिकडे जायला लागलात तेव्हा बाबा किती दिवस तुमच्याशी धड बोलले नाहीत, ते खरं. पण मी एका रविवारी आले होते की तुमच्याबरोबर! केवढी ती माणसं, केवढा तो पडदा, डोक्यावरून फिरणारा कॅमेरा. मागच्या अंधाऱ्या केबिनमध्ये तू कानाला हेडफोन लावून बसला होतास. ऋता मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आई, हे सगळं आपला दादा दाखवतोय. इथेच नाही, जगभर, फोनवर." तिला तुझा फार अभिमान होता. आणि ती आजारी पडल्यावर तुमच्या चर्चच्या मुली पाळीपाळीनं पेज घेऊन यायच्या, तिचे पाय दाबत बसायच्या. ते मी विसरणार नाही.

हॉस्पिटलमध्ये तू तिचा व्हिडिओ घेतलास ती दुपारही आठवते. त्या दिवशीचा रिपोर्ट चांगला आला होता. तू स्वतः तिच्या डोक्याचा रुमाल नीट बांधलास. मी पाण्याचा पेला धरून बाजूला उभी होते. गाठ लहान झाली, देवाचे आभार, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "पण डॉक्टर म्हणतात, ट्रीटमेंट अजून बरीच बाकी आहे. मला भीती वाटते." आणि तुझ्याकडे बघून हसली, "ओके ऑलरेडी लाह, दादा? झालं ना?" चर्चच्या ऑनलाइन पेजवर आलं ते आभारांपर्यंत, आणि लगेच ते हसू. वर मोठ्या अक्षरांत, देवानं ऋताला पूर्ण बरं केलं. मी तुला विचारलं, तर तू म्हणालास, "आई, दीड मिनिटाच्या पुढे लोक थांबत नाहीत." ती मात्र व्हिडिओ बघून म्हणाली, "दादानं माझी भीतीच कापून टाकली." तिला ते आवडलं होतं, राजस. खरंच सांगते.

पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. अंत्यविधीला तू सगळ्यांच्या मागे उभा होतास. तिथूनच मित्रांच्या खोलीवर गेलास, तो घरी आलाच नाहीस.

सकाळी बाबा गेले की मी तो व्हिडिओ लावते. तिचा आवाज ऐकायला मिळतो. खाली अजून रोज कोणी ना कोणी लिहितं, आमेन, ऋता बरी झाली, देव महान आहे. आधी वाचवत नसे. पुढे पुढे बरं वाटायला लागलं. कुठेतरी अशी माणसं आहेत, ज्यांच्या लेखी माझी मुलगी नोकरीला जाते, जेवते, झोपते.

पण गेल्या आठवड्यात पलीकडच्या मलेशियातून, जोहोरच्या एका बाईनं लिहिलं. फोटोत कडेवर एक मूल आहे, हाताशी एक. तिलाही ऋतासारखंच झालंय. तिनं लिहिलंय, ऋताला बरं करणारा देव मलाही बरं करेल, आता मी हॉस्पिटलला जाणार नाही, नवऱ्यालाही तसं सांगितलंय. हॉस्पिटलची पुढची तारीखही लिहिलीय तिनं. त्याखाली तुमच्या पेजनं उत्तर दिलं, आमेन, सिस्टर, विश्वास ठेव. आणि एक हृदय.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत खाली लिहिलं, ऋता माझी मुलगी, ती आता नाही, प्लीज डॉक्टरकडे जा. दुपारपर्यंत ते नाहीसं झालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. बाईला वेगळा निरोप पाठवला, तो तिनं उघडलेलाच नाही. तुमच्या ऑफिसात फोन केला. मुलगी फार गोड बोलली, "आंटी, मीडिया टीमला सांगते हं." मीडिया टीम म्हणजे तूच की रे. माझं लिहिलेलं कोणी काढलं, हे मी तुला विचारणार नाही. कधीच विचारणार नाही.

मी त्या बाईला लिहिताना तासभर रडले, पण लिहिलं. तू मात्र ऋता गेली हे शब्द अजून एकदाही बोललेला नाहीस. मला नाही, बाबांना नाही, आणि मला वाटतं, देवालाही नाही. तू ते लिहिलंस, तर तुझी बहीण खरंच जाईल, म्हणून हात धजत नाही तुझा. मला कळतं रे. पण तिकडे जोहोरची ती बाईही कुणाची तरी आई आहे. व्हिडिओ काढून टाकू नकोस, ऋताचा आवाज तेवढाच उरलाय माझ्याकडे. कापलेलं तिचं बोलणं सापडलं तर परत जोड. आणि खाली लिही, ऋता गेली, ती शेवटपर्यंत औषध घेत होती. तुझ्या नावानं लिही, म्हणजे कोणी काढणार नाही. हे पत्र बाबा स्वतः तुमच्या चर्चमध्ये आणून देतील. मी जाते म्हटलं, तर नको म्हणाले, "मीच जातो." जोहोरच्या बाईची हॉस्पिटलची तारीख येत्या गुरुवारी आहे.

तुझीच,
आई