चिमूटभर बलाचान

प्रिय आई,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. १३ जुलै, रविवार, दुपारी साडेबारा. तुझ्या घरी नुहाला भाताची पेज भरवली. वय एक वर्ष सात महिने.
२. पेजेत तू भाजलेलं बलाचान होतं, चिमूटभर.
३. बारा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली.
४. मलाक्याच्या इस्पितळात इंजेक्शन दिलं. एक दिवस ठेवून घेतलं.

इस्पितळाच्या बाकावर फिक्रीने विचारलं, कोळंबीने आपल्या लेकीच्या अंगावर पुरळ येतं हे माहीत असताना कोणी काय दिलं? मी म्हणाले, आईने दिलं, मला न विचारता. तू शेजारीच बसली होतीस. एवढंच म्हणालीस, "त्यात कोळंबी कुठे होती? बलाचान होतं." आणि पदर सावरून दाराबाहेर जाऊन उभी राहिलीस.

बेदामावशीचा फोन येतो. तू बलाचानसाठी जवळा आणणं सोडलंस म्हणे, तो आंबवून कुटायचं उखळ पालथं घातलंयस. ती तुला चिडवते, तुझ्या बलाचानला आता इस्पितळाचा शिक्का लागला म्हणून. तू हसत नाहीस, असंही ती सांगते.

वरची नोंद अपुरी आहे. पेज ढवळताना तू मला विचारलं होतंस, "शुहादा, चिमूटभर घालू ना?" मी ताटात पानं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, घाल की. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बलाचानच्या पाकिटावर 'कोळंबीवर्गीय' असा इशारा छापला आहे की नाही, हे मीच तपासते. पण तुझ्या स्वयंपाकघरात माझ्या लेखी ते मिठासारखंच होतं. जवळा मला आठवलाच नाही. तुला आठवला नाही, तसाच. फरक एवढाच, की माझ्याकडून तो आठवण्याची अपेक्षा होती.

तीन महिने तू हे कोणाला सांगितलं नाहीस. मी काल फिक्रीला सांगितलं. तो नुहाच्या कपड्यांच्या घड्या करत राहिला. मग म्हणाला, "आणि तू आईंना एवढे दिवस तसंच बसू दिलंस?" अजून नीट बोलत नाही. ते त्याचं बरोबर आहे.

आता मुद्दा. ते बलाचाननेच झालं का, हे रक्ताच्या तपासणीतून डॉक्टरांना पक्कं सांगता येत नाही. गुरुवारी, १६ ऑक्टोबरला, इस्पितळातच त्यांच्यासमोर तिला तेच बलाचान द्यायचं आहे, आधी कणभर, मग थोडं थोडं वाढवत. इंजेक्शन तयार ठेवणार आहेत. तरीही पुन्हा तसंच होऊ शकतं, हे त्यांनी लपवलेलं नाही. नुहा जुलैपासून चमचा दिसला की तोंड मिटते. माझ्या हातूनही खात नाही, फक्त बाटलीतून दूध पिते. वजन नऊशे ग्रॅमने उतरलं आहे. तू बोटांनी घास करून भरवायचीस, तेव्हा ती आपणहून आ करायची. तुझ्याकडे त्या वेळचं बलाचान उरलं असेल तर ते घेऊन ये, आणि तिला तू भरव. काही झालंच, तर या वेळी हो कोणी म्हटलं ते मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं असेल. येणार की नाही, ते मला रविवारी, १२ तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
शुहादा