हात, पाय आणि खंडीभर पैसे

आई,

वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेली ती इंग्रज मुलगी तुला आठवत असणारच. वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास करायला आली होती, पण लेण्यांइतकाच मुक्काम तिनं आपल्या स्वयंपाकघरात ठोकला. ती ओट्याजवळ पाटावर बसली आहे, तू थालीपीठ थापते आहेस, आणि तुमच्या गप्पा चालल्यात. तुझं मॅट्रिकचं इंग्रजी, तिचं मोडकंतोडकं हिंदी. मी दाराशी दप्तर टाकून ऐकते आहे. एखादी गोष्ट महाग असली की ती आकडा सांगायचीच नाही, एकेक शब्द काढायची. त्यांच्याकडं घर घ्यायचं तर 'झिलियन' पौंड लागतात, म्हणाली. तू थापता थापता हात थांबवून विचारलंस, "झिलियनवर शून्यं किती?" ती म्हणाली, "कुणालाच माहीत नाही. मोजायचा कंटाळा आला की झिलियन." "म्हणजे आमचं खंडीभर," तू म्हणालीस, आणि थालीपीठ तव्यावर टाकलंस.

मग तुला त्या शब्दांचा नादच लागला. फार महाग वस्तूला ते लोक 'बॉम्ब पडला' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, हे कळल्यावर तू ते थेट छावणीच्या बाजारात वापरलंस. भांड्यांच्या दुकानात एका पातेल्याची किंमत ऐकून मोठ्यानं म्हणालीस, "धिस कॉस्ट्स अ बॉम्ब." दुकानदार चाचांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, बम-वम नक्को बोलो. पीछे मिलिट्री है." तू इतकी हसलीस की त्यांनी किंमत थोडी उतरवली.

ती मुलगी जाताना तुला जेवणाचे पैसे द्यायला लागली, तेव्हा मात्र तू हात मागं घेतलास. बाबा म्हणाले, "आपल्याकडं अन्न विकत नाहीत." आपलं घराणं भटजी-कारकुनांचं, पैसे मागायचे म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्याच जिभेला गाठ पडायची. ती म्हणाली, "आमच्याकडं अशा जेवणाचे हात-पाय तोडून घेतले असते." फार महाग पडलं की ते 'ॲन आर्म अँड अ लेग', एक हात नि एक पाय, असं म्हणतात; तू तिला ते पुन्हा म्हणायला लावलंस आणि तीन-चारदा घोकलंस.

ती गेली आणि तुझ्या डोक्यात ते राहिलं. वाळूजच्या एका कंपनीला रोज डबे हवे आहेत असं शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेव्हा तू बाबांना विचारलं नाहीस, सांगितलंस. बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "काही म्हणणार नाहीत. तोंडात घास असेल."

चव दाखवायला एक डबा घेऊन आपण दोघी त्या कंपनीत गेलो. साहेबांनी वांग्याची भाजी दोनदा घेतली, बोटं पुसली आणि म्हणाले, "जेवण उत्तम आहे बाई, पण दर जास्त वाटतो." तू खाली पाहिलंस. मला वाटलं, झालं, आता आपण डबा उचलून निघणार. तू पदर सारखा केलास आणि इंग्रजीत म्हणालीस, "सर, आय ॲम नॉट आस्किंग आराम अँड लेग."

"आराम?" साहेब गोंधळले. "आराम कोण मागतंय?"

तुझे कान लाल झालेले मला दिसले. पण तू थांबली नाहीस. उजवा हात पुढं धरलास, तव्याचे चटके बसलेला, आणि सरळ मराठीत म्हणालीस, "हा. हात. तुमचा हात-पाय मागत नाही साहेब. माझ्या हाताची मजुरी मागते."

साहेब त्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवारपासून पाठवा."

घरी येऊन तू बाबांना सांगितलंस. रविवारी ते अंगणात स्कूटरला मागं मोठं कॅरिअर बसवत होते. "डबे मी टाकत जाईन," म्हणाले, "ऑफिसच्या वाटेवरच आहे." त्यांचं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला होतं. तू ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाहीस. वर्षानुवर्षं डबे गेले, माझं कॉलेज त्यातच झालं, आणि बाबा पाहुण्यांना सांगायला लागले की आमच्या घरचं जेवण कंपनीत जातं.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बिडकीनकडच्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. सगळं विचारून झाल्यावर तिथल्या साहेबांनी हसत विचारलं, "अपेक्षा काय तुमची?" एवढी वर्षं नोकरी करून माझ्या जिभेला तीच घरची गाठ. तुझा पुढं धरलेला हात डोळ्यांसमोर आणला आणि आकडा सांगून टाकला. "अंदाजे", "जमलं तर" असलं काही न जोडता.

हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलंय की मी फार ताणून धरलं. प्रत्यक्षात चहाचा कप तोंडाला लागायच्या आत साहेब 'ठीक आहे' म्हणाले, आणि मला तिथंच कळलं की मी कमी मागितले.