अकरा वेळा ‘नको’

४ जून
अकरा वेळा! मोजलं मी. नायिका अकरा वेळा ‘नको’ म्हणते आणि नायक दर वेळी नवं गाणं घेऊन तिच्या मागे. बाराव्यांदा ती हसते — झालं, लग्न! हॉलिवूडच्या या जुन्या संगीतपटावर अजून लोक लट्टू आहेत. आणि त्याचे मराठी सबटायटल्स लिहायचे माझ्या नशिबी.

५ जून
खोटं कशाला बोलू — जिन्यावरचा नाच तीनदा पाहिला. सगळा एकाच शॉटमध्ये, मध्ये कुठं कट नाही! बाई पायऱ्या उतरते की पाण्यावरून सरकते, कळत नाही. टेबलाखाली माझीही टाच ठेका धरून. आणि पुढच्याच प्रसंगात तो तिची वाट अडवतो, वर मागे गोड व्हायोलिनं! डोकंच फिरलं.

८ जून
साहेबांनी माझे सगळे ‘नको’ खोडले. जागोजागी ‘इश्श!’ आणि ‘चल, काहीतरीच!’
“अहो, प्रेमाचा सिनेमा आहे, पोलीस ठाणं नाही.”
ती सरळ ‘नो’ म्हणतेय, म्हटलं.
“बायकांचं नाही म्हणजे —”
पुढचं ऐकायला थांबले नाही.

९ जून
बाबाही साहेबांचीच री ओढतात! “लग्नाआधी तुझ्या आईला हाच सिनेमा दाखवला मी. तिला इंग्रजी कुठं येतंय? शेजारी बसून सगळं समजावलं.” आणि त्यातलंच गाणं गुणगुणत अंघोळीला गेले. आई पोळ्या लाटत राहिली.

११ जून
साहेब रजेवर. सगळे ‘नको’ परत घातले आणि फाइल थेट थिएटरला धाडली. गेली नोकरी तर गेली!

२० जून
आज खेळ. आईबाबांना नेलं. जिन्यावरच्या नाचाला शिट्ट्या, टाळ्या. पहिल्या दोन ‘नको’ला लोक हसले. सहाव्याला कुणीच नाही. आई पुढे वाकून एकेक ओळ वाचत होती, ओठ हलवत.
बाबा बाहेर आल्यावर — “फार रुक्ष केलंस गं.”
साहेबांचा निरोप — सोमवारी येऊन भेटा. भेटते की! घाबरते काय?

२१ जून
सकाळीच आई माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं.
“ती खरंच नको म्हणत होती?”
“हो.”
“हे म्हणाले होते, लाजतेय.”
मग माझ्या चादरीची घडी घालू लागली.
“मीपण यांना नकोच म्हटलं होतं गं.”