नमुन्याचा पाय

५ जानेवारी, सोमवार

साच्यातून पहिला पाय निघाला! अजून गरम होता. प्रणितने तो तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांत धरला होता. शेडमधले सगळे गोळा झाले — फवारणीच्या ड्रोनवाले, पंपाचं यंत्र बनवणारी पोरं, सगळे. मुरबाडच्या एमआयडीसीतली ही एकच शेड, तीत पाच-सहा नव्या कंपन्या. मशीन सगळ्यांची मिळून, पाळी फळ्यावर लिहिलेली. आज पाळी आमची होती.

इतके दिवस आम्ही हे कृत्रिम पाय हाताने बनवत होतो. काचकापडाचे, म्हणजे फायबरचे, थर एकावर एक चिकटवायचे, सुकू द्यायचे, घासायचे. एक जमला की दोन फुकट. त्यातला जो सगळ्यात चांगला जमला तो माझ्या डाव्या गुडघ्याखाली आहे. दीड वर्ष झालं, काही झालेलं नाही त्याला. आता साचा आलाय, दिवसाला वीस निघतील म्हणे.

"मनस्वीताई, हे सगळे तुमच्या पायाचे भाऊ," प्रणित म्हणाला. कंपनी त्याची. कल्याणहून येतो, इंजिनिअर आहे, खूश झाला की असलं काहीतरी बोलतो. मी म्हटलं, भावांना आधी चालून दाखवू दे.

७ जानेवारी

साच्यातला पाय घालून पाहिला. चालताना ठीक. उकिडवी बसले तर घोट्यात कुरकुरला. प्रणित म्हणतो, नवीन आहे, सैलावेल. चपलेबद्दल बोलावं तसं!

घरी येऊन माझा घातला तेव्हा जीव भांड्यात पडला. डंपरखाली पाय गेला तेव्हा माझी भाविका अंगावर पीत होती. नंतर शिबिरात एक पाय मिळाला, खुंटासारखा ताठ. चुलीपुढे बसता यायचं नाही, मोरीत बसता यायचं नाही. हरेश उचलून न्यायचा. नवऱ्याने उचलून घ्यावं यात बायकांना काय गोड वाटतं, मला विचारा! प्रणितचा पाय आला आणि मी माझी माझी उठायला-बसायला लागले. म्हणून तर तिथे कामाला लागले. पाय घालून बघणारी मीच आणि खोक्यात भरणारीही मीच.

९ जानेवारी

म्हशाच्या जत्रेला गेलो. खूप चालले. बांगड्या घेतल्या, भाविकाला पिपाणी. ती आता डोकं उठवणार.

१२ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचे लोक २३ला येणार आहेत. पाय पसंत पडला तर पहिली मोठी ऑर्डर. प्रणितने मला बाजूला बोलावलं. "ताई, त्या दिवशी तुम्ही तुमचाच पाय घाला. वरून नवं कव्हर चढवू. दिसायला एकच."

"आणि त्यांना देणार कोणता?"

"साच्यातला. तोही चांगलाच आहे. फक्त त्यांच्यासमोर कुरकुर नको."

मार्चपर्यंत ऑर्डर नाही आली तर आम्हाला शेडमधली जागा सोडावी लागेल. नियमच आहे तसा, दुसरे वाट बघतायत. मग मी घरी, कामावरची सुंदरामावशी घरी, सगळ्या घरी. तोही तोंड लपवत सांगत होता बिचारा.

मी हो म्हटलं.

१५ जानेवारी

काल संक्रांतीच्या दिवशी कुंडलिककाका पडले. तानशाकडचे. साच्यातले पाय आम्ही चार जणांना घालून बघायला दिले होते, त्यातले एक ते. बांधावर हात धुवायला उकिडवे बसले आणि घोट्याच्या वर पाय कडकन मोडला. तोंडावर आपटले. मनगट मोडलं, दोन दात गेले.

प्रणितबरोबर बघायला गेले. म्हातारा आम्हालाच धीर देत होता! "माझा काय नाय गो. दात तसे पन जानारच व्हते. मी वावरात पडलो, मऊ जागा. कोनी रस्त्यावं पडला आसता तर?" काकींनी मात्र मोडका पाय आमच्यापुढे आणून टाकला. बरोबरच आहे त्यांचं.

परत येताना किन्हवलीला चहाला थांबलो. प्रणितने कप तोंडाला लावलाच नाही. साय धरली त्यावर.

१७ जानेवारी, शनिवार

काकांचा मोडका पाय विजेच्या पट्टीच्या करवतीवर उभा कापला. आत चीरच चीर. पण ती का पडली, ते कळेना. साच्यात कुठेतरी चुकतंय, एवढंच सगळे म्हणतात. चांगला पाय आतून कसा असतो ते बघितल्याशिवाय वाईट कुठे बिघडला ते कसं कळणार? एक्स-रेमध्ये हे काचकापड नीट दिसत नाही म्हणे.

सुंदरामावशी थर लावायला असते. ती बोलून गेली, "हिचा तुटत नाय, त्याचा तुटला. दोनी कापून शेजारी ठेवा, म्हंजे कलंल."

हाताने थर लावायला जो जुना साचा होता, तो नवा बनवताना फुटला. माझा पाय कापला तर तसा दुसरा होणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"ताईंचा पाय कापायचा नाही," प्रणित म्हणाला. म्हणताना बघत मात्र माझ्या पायाकडेच होता.

"देणारच नाय मी!" इतक्या जोरात ओरडले की ड्रोनवाल्यांनी माना वळवल्या.

१८ जानेवारी

देणार नाही. एकदा गेला तेवढा बस. ऑर्डर त्यांची, कंपनी त्यांची, आणि पाय तेवढा माझा? सगळ्यांचा राग येतोय. मावशीचा सगळ्यात जास्त, कारण तिचं खरं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

हरेशला सांगितलं. तो गुरांना पेंढा टाकत होता. थांबला.

"नको देऊ. तेंचा धंदा तेंनी बगावा." मग उरलेला पेंढा टाकून म्हणाला, "मी उचलीन तुला, तेचा काय नाय. पन तू परत तशी गप-गप व्हशील. ता माझ्याच्यानं बगवत नाय."

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, त्याला माझं ओझं झालंय.

शुक्रवारी मी छान चालेन. उकिडवी बसेन, उठेन, हंडा घेऊन दाखवेन. ते टाळ्या वाजवतील. मग कुणाकुणाच्या गावी साच्यातले पाय जातील आणि ती माणसं माझ्याकडे बघून घेतलेल्या पायावर खाली बसतील. मला झोप कशी लागावी?

२० जानेवारी

दिवसभर वालाच्या शेंगा तोडल्या. उकिडवी बसून. मुद्दाम.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी जाऊन प्रणितला सांगितलं, कापा.

तो मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "ताई, शुक्रवारनंतर कापू. पाहुणे येऊन जाऊ देत. तुमचा पाय तेवढा वापरू, मग—"

"नाय. उद्या. पाहुण्यांच्या आधी."

"का?"

"त्यांना दाखवायला माझा पाय उरायलाच नको."

त्याने टेबलावरचा फोन उचलला. नंतर बाहेर जाऊन फोन करत होता. काचेतून दिसत होता, एका हाताने कपाळ धरलेला. आत येऊन म्हणाला, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. पुन्हा बोलावलं तर येतील का, ते माहीत नाही.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरी येऊन मोरीत दार लावून रडले.

२२ जानेवारी

कापला. करवतीवर मीच ढकलला.

माझ्या पायातही तीच चीर. त्याच जागी, आतून, जवळजवळ आरपार. वरच्या थराने तेवढं धरून ठेवलं होतं. साचा चुकलाच नव्हता — पायाचा नमुनाच मुळात चुकला होता.

सोमवारी याच पायावर मी भाविकाला कडेवर घेऊन ओढ्यावरचा साकव ओलांडला.