परिशिष्ट तीन

४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यांची कंबर पुन्हा धरली होती, शेकून शेकून आता सुटली. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, पण म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑफिसात सध्या लगीनघाई आहे. संशोधनाच्या अनुदानासाठी प्रस्ताव मागवलेत आणि शेवटची तारीख पंधरा दिवसांवर आली. वर्षभर जे आमच्या मजल्याकडे फिरकत नाहीत, ते आता दारातून डोकावून मला चहा विचारतात. परवा एक मोठे प्राध्यापक समोर बसले होते. ताऱ्यांची वयं सांगणारा माणूस, पण पानांना क्रमांक घालता येईनात. शेवटी मीच घातले. म्हणाले, "तुमच्याशिवाय या विद्यापीठाचं पान हलायचं नाही." मी हसले. पूर्वी असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता तसं होत नाही.

लेकाकडे तू रुळलीस हे वाचून बरं वाटलं. भावोजी गेल्यावर विद्यापीठाचं क्वार्टर सोडताना तू उंबऱ्याशी जशी उभी होतीस, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता भावोजींच्या खोक्यांचं. तू लिहितेस, सात खोकी गॅलरीत पडून आहेत, सूनबाईला कपडे वाळत घालायला जागा नाही. ती बिचारी बोलून दाखवत नाही, पण तुलाच अवघडल्यासारखं होतं. आणि मग तू विचारतेस, "ह्यांचा नाकारलेला प्रस्ताव तुझ्याच ऑफिसातून गेला होता, तुला ठाऊक असेल. ह्यांचं काम खरंच टाकाऊ होतं का? असेल तर तसं सांग, मी रद्दीत देऊन मोकळी होते."

ताई, मी काय सांगणार? मी शास्त्रज्ञ नाही, कागद बघणारी बाई. समास किती सोडला, पानं किती झाली, सही कुठे राहिली, एवढंच मला कळतं. तज्ज्ञांचं तज्ज्ञांना ठाऊक. एकोणीस वर्षं एका माणसाने जुन्या वीटभट्टीच्या जागेत खड्डे खणून गांडुळं मोजली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तुमच्याकडे शिकायला होते तेव्हा भावोजी मोहरीचं पाणी ओतून जमिनीवर पालथे पडायचे. पाणी झोंबून गांडुळं वर आली की ते आकडे ओरडायचे आणि तू दगडावर बसून वहीत लिहायचीस. शेजारचे त्यांना "मातीवाले सर" म्हणायचे आणि तुला त्याचा राग यायचा.

तुला योग्य वाटेल ते कर. मी हो म्हणत नाही नि नाहीही म्हणत नाही. फार घाई करू नकोस, एवढंच.

आणखी लिहायचं होतं, पण ते पुन्हा कधीतरी. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी


३० मार्च, रविवार

ताई,

तुझं पत्र मी बुधवारी ऑफिसात उभ्यानेच वाचलं. "तू स्पष्ट काही लिहिलं नाहीस, त्यावरून समजायचं ते समजले. तीन खोकी काल दिली. चार उरलीत, ती पुढच्या सोमवारी नेतो म्हणालाय."

त्यानंतर मी तुला फोन केला. "उरलेली देऊ नकोस," एवढंच बोलले. तू "का गं, काय झालं?" विचारलंस आणि मी "लिहिते" म्हणून फोन ठेवला. तुला ते चमत्कारिक वाटलं असेल. पण फोनवर तू मध्ये एक शब्द बोललीस की मी वेळ मारून नेणार, हे मला माहीत आहे. दोन वर्षं तेच करत आले. पत्रात मला कुणी थांबवणार नाही.

ताई, भावोजींचा प्रस्ताव तज्ज्ञांनी नाकारला नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तो माझ्या चुकीने परत आला.

सगळं सांगते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने "आम्ही या कामात सहभागी होऊ" असं लिहून द्यायचं असतं. ते संमतीपत्र म्हणजे परिशिष्ट तीन, आणि ते त्याच वर्षाचं लागतं. आदल्या वर्षी भावोजींनी प्रस्ताव अर्धवट ठेवला होता, तेव्हाचं जुनं पत्र माझ्या संगणकात होतं. नवं पत्र आणायला ते स्वतः दोन तास बसने गेले, दोन तास परत आले. शेवटच्या दिवशी सकाळी साडेअकराला ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "बाईसाहेब, हे जपून. आणि पाठवण्याआधी सगळं एकदा उघडून बघशील ना?" मी म्हटलं, "हो भावोजी, बघते."

ते पत्र मी ट्रेमध्ये ठेवलं. त्यावर इतरांचे कागद येत गेले. त्या दिवशी बारा जणांचे प्रस्ताव पाठवायचे होते आणि पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. बाकीचे सही करून गेले. भावोजी मात्र पावणेपाचपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभे. एका शब्दासाठी! "'मृत माती' नको गं. 'निर्जीव' लिही. थांब, तेही नको. 'थकलेली' लिही. माती मरत नाही." मी चिडले. ऑफिसातल्या सगळ्यांदेखत म्हणाले, "भावोजी, आता पुरे! तुमच्या एकट्याचं काम आहे का इथे?"

ते लगेच मागे सरले. "चुकलो बाई," म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

त्या रागात मी फाइल जोडली. "संमतीपत्र" नाव दिसलं, जोडली. ती जुनी होती. आमच्याकडे एक तपासणीचा तक्ता असतो. त्यात शेवटची ओळ, "सर्व जोडपत्रे उघडून पाहिली." त्यावर मी खूण केली. एकही उघडलं नव्हतं. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, "गेला." त्यांनी मला हात जोडले, ताई. मोठ्या माणसाने.

चार आठवड्यांनी उत्तर आलं. दोन ओळी होत्या. परिशिष्ट तीन ग्राह्य नाही, सबब प्रस्ताव परीक्षणासाठी पुढे पाठवलेला नाही. ट्रे उपसला, तर तळाशी नवं पत्र तसंच पडलेलं. मी ठरवलं, आजच्या आज साहेबांना सांगायचं आणि भावोजींनाही. पण महिन्याभरात मी नोकरीत कायम होणार होते. या चुकीचा कागद माझ्या फाइलला लागला असता तर सगळंच लांबलं असतं. आणि माझ्यासाठी शब्द टाकला होता तो भावोजींनीच. कोणत्या तोंडाने सांगू, असा विचार करत बसले होते तेवढ्यात तेच आले. उन्हातून आले होते, टोपी हातात.

"काय म्हणतात मंडळी?"

"नाही झालं, भावोजी."

"कारण?"

मी म्हटलं, "कारणं कळवत नाहीत ते. स्पर्धा फार असते."

एवढंच. त्या एका वाक्याला किती वेळ लागला असेल? पण नंतर ते मागे घ्यायला माझी जीभ कधी रेटली नाही. ते क्षणभर माझ्या टेबलाकडे बघत राहिले, मग हसून म्हणाले, "बरं. आता गांडुळांना कळवायला हवं, बाबांनो, तुमचा अर्ज नामंजूर." ऑफिसात सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर त्यांनी वीटभट्टीवर जाणं सोडलं. तू मला तेव्हा विचारलंस, "हे घरातच का बसून असतात गं?" मी म्हटलं, वय झालं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव मागवले तेव्हा मी धावत तुमच्या घरी आले होते, आठवतं? तू म्हणालीस, हिलाच त्यांच्यापेक्षा जास्त हौस. मी कितीदा सांगितलं, भावोजी पुन्हा भरू, सगळं मी करते, तुम्ही फक्त सही करा. ते शांतपणे म्हणाले, "नको. जाणत्या लोकांनी वाचून नाही म्हटलंय. आपण समजून घ्यावं. हट्ट करू नये."

वाचून! त्या शब्दावर तरी मी खरं बोलायला हवं होतं. तू चहा घेऊन आलीस आणि मी कप हातात घेतला.

मग जुलैत ते गेले. माझ्यामुळे गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, हृदयाचं दुखणं जुनं होतं. पण आपण आयुष्यभर केलं ते फुकट, असं समजून ते गेले. ते माझ्यामुळे. याला दुसरा अर्थ नाही.

बुधवारी तुझं पत्र वाचल्यावर मी तिथूनच रद्दीवाल्याला गाठलं. नंबर लेकाकडून घेतला. तो म्हणाला, माल त्याच दिवशी कारखान्यात गेला. त्या तीन खोक्यांत सुरुवातीच्या वह्या होत्या ना? तुझ्या अक्षरातल्या? मी मागच्या पत्रात एक सरळ वाक्य लिहिलं असतं तर त्या आज तुझ्याजवळ असत्या. माझी ही दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे, कारण ती घाईत झालेली नाही. चांगला विचार करून मी गप्प बसले.

गुरुवारी मी साहेबांकडे गेले आणि सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "आता कशाला उकरून काढता? माणूस गेला, फाइल बंद झाली." मी म्हटलं, "तरी लावा फाइलला." त्यांनी शिक्का मारून घेतला. पुढे जे व्हायचं ते होईल. यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "ताईंना आधी सांगायला हवं होतंस." खरं आहे.

त्याच दिवशी मी भावोजींचा प्रस्ताव छापून काढला आणि पहिल्यांदा वाचला. सत्तेचाळीस पानं. इतक्यांदा ती माझ्या हाताखालून गेली होती, पण मी नुसते समास बघितले होते. सगळं कळलं असं नाही. पण भाजलेल्या, विटांच्या चुऱ्याने भरलेल्या त्या जमिनीत पहिली चार वर्षं एकही गांडूळ नव्हतं, हे कळलं. पाचव्या वर्षी दोन. नवव्या वर्षी एकतीस. ते आकडे वाचताना मी मोठ्याने मोजायला लागले. पुढे काम कुणी काय केलं त्याचा तक्ता आहे. त्यात "नोंदलेखन, पहिली अकरा वर्षे" याच्यासमोर तुझं नाव आहे, ताई. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. त्यांनी तुला सांगितलं होतं का? मला वाटतं, नसेल. मंजूर झाल्यावर दाखवायचं असेल.

शुक्रवारी रजा टाकून त्या प्रयोगशाळेत गेले. ज्यांनी पत्र दिलं होतं त्या बाई आता तिथल्या प्रमुख आहेत. त्यांना वाटत होतं, भावोजींनीच बेत बदलला. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर सगळी पानं वाचली, मी दीड तास बसून होते. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या सलग नोंदी त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. सुरुवातीच्या वह्या गेल्या, पण त्यांच्या बेरजा प्रस्तावाच्या शेवटी आहेत, तेवढ्या तरी राहिल्या. उरलेल्या वह्या त्यांना हव्यात. येत्या हंगामात त्या स्वतः मोजणी करणार आहेत. मधली दोन वर्षं मात्र गेली. माती कुणासाठी थांबत नाही, ती दोन वर्षं आता कुणालाही परत मोजता येणार नाहीत.

निघताना मी विचारलं, "तेव्हा मंजूर झाला असता का हो?"

त्या म्हणाल्या, "ते कुणालाच सांगता येणार नाही. नसताही झाला. पण वाचला गेला असता."

तू विचारलं होतंस, त्यांचं काम टाकाऊ होतं का. नव्हतं. हे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी त्यांना द्यायचं होतं.

मी क्षमा मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते नाहीत, आणि तू दिलीस तर ती घेण्याचा मला धीर नाही. पुढच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येईन, खोकी उतरवून प्रयोगशाळेत पोचती करीन. प्रस्तावाची प्रत तुझ्यासाठी बांधून घेतली आहे, ती लेकाच्या हातात देईन. तुला समोर यायचं नसेल तर आतल्या खोलीत थांब, मी हाक मारणार नाही. यायचं असेल तर काय बोलायचं ते बोल, मी मान वर करणार नाही.

तोवर कुणीही मागितली तरी खोकी देऊ नकोस. मी मागितली तरी चिठ्ठीवर सही घेतल्याशिवाय देऊ नकोस.

तुझ्या दाराशी येण्याचीही लाज वाटणारी,
तुझी बहीण